चालू म्हणजे काय

खात्याचा धाकटा वकील केस जिंकत होता आणि त्यामुळे घाबरला होता. हरताना असं कधी झालं नव्हतं. हरण्याचा त्याला चांगला सराव होता.

थोरले वकील दाढ काढायला गेले, म्हणून प्रकरण ह्याच्या गळ्यात पडलं. भांडण एका शब्दाचं होतं. इंटरनेट कंपनीनं ग्राहकाची सेवा कायम ‘चालू’ ठेवावी, असं कायद्यात होतं. चालू म्हणजे काय, हे लिहायला कायदा करणारे विसरले होते. मग कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या खात्यानं ठरवलं : घरातल्या इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा लागलेला असला की सेवा चालू. तारेतून काही येतंय-जातंय का, हा निराळा विषय, त्यासाठी निराळी समिती नेमू. ग्राहक संघटना चिडून कोर्टात गेली.

“माणसालाही आपण चालू म्हणतो, माय लॉर्ड,” संघटनेच्या वकीलबाई म्हणाल्या. “त्या अर्थानं कंपनी चालू आहे, हे आम्हाला मान्य आहे.”

कोर्टात खसखस पिकली. न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी धाकट्या वकिलाकडे पाहिलं.

“ह्यावर हसावं, असं खात्याचं मत आहे का?”

न्यायमूर्तींचं तत्त्व साधं होतं. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील आणि खात्याचा अर्थ अगदीच वेडगळ नसेल, तर खात्याचाच धरायचा. तज्ज्ञ ते, आपण नुसते काळा कोट घातलेले. वर्षानुवर्षं वापरून ‘अगदीच वेडगळ नसेल’ हा भाग झिजून गेला होता.

वकीलबाईंनी छताकडे बोट दाखवलं. “माय लॉर्ड, हा पंखा चालू आहे? बटण खाली आहे, बटणावरचा दिवा लागलाय, आणि आपण सगळे घामानं निथळतोय.”

न्यायमूर्तींनी मान वर केली. निश्चल पात्यांकडे बराच वेळ पाहिलं. रुमालानं मान पुसली.

“पंखे कोणत्या खात्याकडे येतात?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात धाकट्याच्या मांडीवरचा फोन थरथरला. ताईचा मेसेज होता. ‘दवाखान्यातून फोन आला. सकाळपासून बाबांचे ठोके येत नाहीयेत.’

त्यानं तो पुन्हा वाचला. लगेच दुसरा आला. ‘म्हणजे बंद पडलेत असं नाही रे, त्यांच्यापर्यंत येत नाहीयेत. बाबा फोन उचलत नाहीत. मी गावाबाहेर आहे, निघतेय.’

बाबांच्या छातीला चकती लावलेली होती. ती घरच्या इंटरनेटवरून ठोके दवाखान्यात पाठवायची. ठोके चुकले की तिथून लगेच गाडी निघणार, अशी व्यवस्था होती. ती व्यवस्था बाबांना समजावून सांगितली होती त्यानंच.

तिसरा मेसेज आला. ‘शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं. टीव्हीसमोर बसलेत म्हणे. हलत नाहीत, पण टीव्ही बघताना कोण हलतं, असं त्या म्हणतायत. डबीचा दिवा हिरवा आहे.’

तो उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

“माय लॉर्ड, सेवा बंद आहे.”

“कुठली?”

“माझ्या घरची. दिवा हिरवा आहे आणि सेवा बंद आहे. आत वडील एकटे आहेत.”

शेजारी बसलेल्या खात्याच्या उपसंचालकांनी त्याचा कोट मागून खेचला. “अरे ए, आपण जिंकतोय!”

न्यायमूर्ती पुढे झुकले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल आलं. “हे तुम्ही मुलगा म्हणून सांगताय, की खातं म्हणून?”

धाकट्यानं खेचलेला कोट नीट केला. मुलाचं इथे कोण ऐकणार होतं?

“खातं म्हणून.”

न्यायमूर्तींनी समाधानानं पेन उचललं. तोच उपसंचालक ताडकन उठले. “खातं मी आहे, माय लॉर्ड. हा खात्याचा नुसता आवाज आहे.” मग ते त्याच्याकडे वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, “बाळा, दिवा कुठला म्हणालास?”

“हिरवा. पण साहेब...”

“चालू,” उपसंचालक न्यायमूर्तींना म्हणाले.

“खात्याचा अर्थ ग्राह्य धरण्यात येतो,” न्यायमूर्ती म्हणाले. “अभिनंदन.”

जाण्याची परवानगी त्यानं मागितली नाही. न्यायमूर्तींनी ती खात्याला विचारली असती. तो काळा कोट उडवत जिन्यावरून धावत सुटला, आणि दारावरचा शिपाई कौतुकानं म्हणाला, “जिंकलात वाटतं!”

टॅक्सीतून त्यानं अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगितला. बाबांना फोन लावत राहिला. नुसती रिंग जात होती. प्रत्येक सिग्नलला त्याला वाटे, आता उचलतील आणि शिव्या घालतील. शिव्यांसाठी तो आसुसला होता.

त्यानं आपल्या किल्लीनं दार उघडलं.

बाबा खुर्चीत होते. टीव्हीवर कुणीतरी गाद्या विकत होतं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, बनियन घामानं चिकटलं होतं, आणि फोन पायाशी पालथा पडला होता.

“आलास?” ते म्हणाले. आवाज फार बारीक होता. “अजून कुणीच कसं आलं नाही रे?”

“काय होतंय बाबा?”

“छाती. सकाळपासून. हातही जड झालाय.”

“मग मला फोन नाही करायचा? काकूंना हाक नाही मारायची?”

“फोन पडला, वाकवेना.” बाबांनी दम घेतला. “आणि हाक कशाला? दिवा आहे की. म्हणजे दवाखान्यात त्यांना दिसतंय. मी म्हटलं, गाडी अडकली असेल कुठेतरी. किंवा एवढं दुखणं चालत असेल. त्यातलं आपल्याला काय कळतं? त्यांचं ते बघतायत.”

“कुणी बघत नाहीये, बाबा. सकाळपासून कुणीच बघत नाहीये.”

बाबांना ते पटलं नाही. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग मुलाकडे, लहानपणी त्याला थाप मारताना पकडल्यावर पाहायचे तसं.

“तुझ्या केसचं काय झालं?”

“जिंकलो.”

“वा,” बाबा म्हणाले. पाठ थोपटायला त्यांनी हात उचलला, पण तो खुर्चीच्या कडेपर्यंतही आला नाही.

धाकट्यानं तो हात धरला आणि मनगटावर बोटं दाबली. नाडी लागेना. मग लागली. मग शंका आली. स्वतःचेच ठोके बोटांच्या टोकांत इतके धडधडत होते, की बाबांचे त्यात आहेत की नाहीत, हे सांगायला ह्या घटकेला कुणीही तज्ज्ञ नव्हता. त्यानं टीव्ही बंद केला, श्वास रोखला आणि बोटं तशीच दाबून धरली.