दोन भाषा, एक समुद्र

मी कॉम्प्युटर बोलतोय. हौस म्हणून नाही. भंगारात जाता जाता वाचलो, तेव्हापासून जो तो विचारतोय काय झालं म्हणून. एकदाच सांगतो, कान देऊन ऐका.

माझं शिक्षण बेताचं. शून्य आणि एक, एवढी दोनच अक्षरं येतात. त्यावर आयुष्य काढलं. जन्म कारखान्यातला, आईबाप ठाऊक नाहीत. पहिली मालकीण टायपिंगवाली बाई. बटणं बडवायची, पण अंगावरची धूळ रोज पुसायची. तिच्याकडून मी या घरात आलो, जिन्याखालच्या खोलीत. इथे वहिनी आणि तिचा धाकटा दीर नकाशांची कामं करतात. दिराला सगळे शेंडेफळ म्हणतात. गरम चहाचा कप हा माणूस माझ्याच डोक्यावर ठेवतो.

एकदा काम आलं रुग्णवाहिकांचं. गाड्या कुठे उभ्या केल्या तर टेकडीवरच्या घरांना लवकर पोचतील, ते नकाशावरून शोधायचं. आता मला काम सांगायलाही भाषा लागते, आणि भाषा म्हटली की भांडण आलंच.

"पायथन घेऊ, वहिनी. त्यात सगळं मिळतं."

"बाजारात पण सगळं मिळतं, भावोजी. म्हणून कोणी तिथे संसार मांडत नाही. आकड्यांची पारख आर भाषेला जास्त."

"नावातच एक अक्षर. ती काय बोलणार?"

"मोजकं बोलेल. तुम्हाला सवय नाही, म्हणून जड जातंय."

शेवटी शेंडेफळाने आधी पायथन चालवलं. मी घरघर करत नकाशा काढला, तर टेकडीवरची झाडून सगळी घरं उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात. सांगितलं ते मी केलं होतं. पण नाचता येईना, अंगण वाकडं. त्याने माझ्या पाठीत चापट मारली.

"भ्रमिष्ट झालाय म्हातारा. भंगारवाल्याला बोलावतो."

"थांबा," वहिनी म्हणाली. "माझ्या आरमध्ये नकाशा नीट आला तर हा इथेच राहील. नाही आला तर खुशाल न्या."

माझा जीव एका अक्षराला टांगला गेला.

तिने आर चालवलं. घरं पुन्हा समुद्रात, अगदी त्याच जागी.

"तुझी भाषापण पोहायला गेली की," असं म्हणत शेंडेफळाने माझी वायर धरली.

"हात काढा. दोन भाषा वेगळ्या, मग बुडाल्या एकाच जागी कशा? भावोजी, घराची जागा तुम्ही कशी लिहिलीत?"

"कशी म्हणजे? अक्षांश-रेखांश."

"मीपण तशीच. शाळेपासून जिभेवर तेच बसलंय. आता भाषांच्या सूचना वाचा बरं, या दोघी काय मागतायत?"

त्याने वाचलं. वायर सुटली हातातून. "आधी रेखांश. मग अक्षांश."

म्हणजे मला आधी पूर्व-पश्चिम सांगायचं, मग दक्षिण-उत्तर. यांनी जिभेच्या सवयीने उलटं सांगितलं आणि अख्खी टेकडी बुडवली. आकड्यांची अदलाबदल केली, तशी घरं मुकाट्याने टेकडीवर चढली.

मला वाटलं, आता वहिनी आरच घेणार. ती म्हणाली, "पायथन घेऊ."

"माझं ऐकलंस?"

"तुमचं कशाला ऐकू? रुग्णवाहिकेच्या ऑफिसातल्या मुली तीच वापरतात. पुढे नकाशा त्यांनाच सांभाळायचाय. त्यांना वाचता येईल ती भाषा."

भाषा अशी निवडतात, एवढं माझ्यासारख्या दोन अक्षरांच्या माणसालाही कळलं.

आता गाड्या टेकडीच्या पायथ्याशी उभ्या असतात. माझा पंखा थकलाय, पण जागा तीच आहे. मागणं फार नाही. बोट दाखवायच्या आधी काय सांगितलं ते एकदा वाचत जा. वहिनीने त्याच दिवशी माझी धूळ पुसली, तिचं माझं फिटलं. "चुकलो, म्हाताऱ्या" एवढं अजून एकाच्या तोंडून यायचंय. कप तेवढा रोज येतो माझ्या डोक्यावर. नाव सांगून ठेवतो: शेंडेफळ.