चमचाभर दही

चंपतरावांनी तीस वर्षं भिवापूर-नागपूर एसटी चालवली. समोरून ट्रक अंगावर आला तरी या माणसाचा हात स्टिअरिंगवर थरथरला नाही, असं डेपोत सगळे सांगत. आणि हाच पठ्ठ्या दाताच्या खुर्चीत बसवला की घामाघूम. लहानपणी बाजाराच्या दिवशी चौघांनी दाबून धरलं आणि पाचव्याने पकडीने त्यांची दाढ उपटली. ती भीती साठीतही मानगुटीवरून उतरली नव्हती.

एरवी जिजाबाईने नवऱ्याची थट्टाच केली असती. पण आता थट्टेचे दिवस राहिले नव्हते. रोजच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने शेवटी गाल धरला होता. कॅन्सरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी खालचे पाच किडके दात काढा, जखम भरू द्या, मगच रेडिएशनचा शेक सुरू करता येईल. तोवर गाठ काही थांबून राहणार नव्हती.

नागपूरच्या धंतोलीतल्या दाताच्या डॉक्टर दीप्ती मॅडमनी सगळं करून पाहिलं. पहिल्यांदा नाकावर टोपी ठेवून गुंगीचा वायू दिला, तर चंपतरावांनी टोपीच ओढून फेकली. दुसऱ्यांदा गोळी दिली. बाहेरच्या बाकावर छान पेंगले, आणि आतून यंत्राचा आवाज येताच चपला तिथेच टाकून जिना उतरले. आता एकच उपाय उरला होता, शिरेतून झोपेचं इंजेक्शन. त्यासाठी भुलेचे डॉक्टर फक्त गुरुवारी सकाळी येत. मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही, एवढीच अट होती.

त्या गुरुवारी चंपतरावांनी चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. पण निघताना जिजाबाईने त्यांच्या तळहातावर चमचाभर दहीसाखर ठेवली. पोरांच्या परीक्षांना ठेवली होती, यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ठेवली होती. एवढ्या मोठ्या कामाला माणूस कोरड्या तोंडाने उंबरा कसा ओलांडणार? ते खाणं आहे, असं दोघांच्याही मनात आलं नाही.

दहा वाजता भुलेच्या डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काही पोटात गेलं का? चंपतराव नाही म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं, झोपेत ओकारी झाली तर पोटातलं फुफ्फुसात जातं, माणूस दगावू शकतो. दूध, दही, काहीच चालत नाही, म्हणून पुन्हा विचारतो.

जिजाबाईला सकाळची दहीसाखर आठवली. चंपतरावांनी तिचा हात असा दाबला की बांगडी रुतली. काहीच नाही खाल्लं, ते पुन्हा म्हणाले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. बोलावं, तर हा माणूस पुन्हा हा जिना चढायचा नाही. गप्प राहावं, तर... डॉक्टरांनी सुई हातात घेतली.

"दही खाल्लं जी त्यायनं," ती म्हणाली. "सात वाजता. मीनंच देल्लं."

सुई परत ट्रेमध्ये गेली. दही खाल्ल्यापासून सहा तास, म्हणजे एक वाजेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि बाराला डॉक्टरांचं दुसरीकडे ऑपरेशन होतं. पुढचा गुरुवार मिळाला. आणखी आठवडा जाणं बरं नाही, नुसती हिरडी बधिर करून एक तरी दात काढू का, असं दीप्ती मॅडम विचारत होत्या, तोवर चंपतराव दाराबाहेर गेले होते.

ते खाली पानठेल्यावर सापडले. ठेलेवाला खर्रा घोटत होता. चंपतरावांनी तिच्यादेखत चिमूट उचलली आणि त्याच गालात धरली. जिजाबाईला रडू आवरेना.

"काहून खोटं बोलले जी? झोपेतच गेले असते ना."

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तेच तं पाहिजे होतं वं मले," ते म्हणाले. "दात नाही, शेक नाही. सुटलो असतो."

खुर्चीला भिऊन हा माणूस खोटं बोलला, असं ती आतापर्यंत समजत होती. तिला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा कितीतरी जास्त भीती वाटली. अजून सात दिवस या माणसावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची होती, आणि मग त्यालाच त्या जिन्यावर चढवायचं होतं. तिने त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली. भिवापूरची बस लागली, दोघं बसले, तरी तिने ती सोडली नाही.