सुलेमानाच्या अंगणातली गिरणी

मी गिरणी बोलतेय. दचकू नका. आत्ता पट्टा उतरवलाय, म्हणून माझा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतोय.

तामाले शहरातल्या एका वेल्डिंगच्या कारखान्यात माझा जन्म झाला. शिया नावाच्या झाडाच्या भाजलेल्या बियांचा लगदा करायचा, हे माझं काम. त्याच लगद्यातून गावातल्या बायका लोणी काढतात. मी येण्याआधी त्या उखळात बिया कुटायच्या. त्यांच्यातल्या मेमुनाच्या तळहातांना एवढे घट्टे पडले होते, की तापलेली परात ती नुसत्या हातानं उचलायची.

सगळ्याजणींनी दोन हंगाम राबून मला आणलं. पण मला ठेवायचं कुठे? इथे बाईच्या नावावर वीतभर जमीन नसते. त्यांची पुढारीण अझारा म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या अंगणात ठेवू. सुलेमाना काय परका आहे?"

जागा मागायची तर कोलाची, चघळायची कडू फळं द्यायची, ही इथली रीत. अझारानंच ती सुलेमानापुढे ठेवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही भोळी, खूश झाले.

तीन वर्षं बरी गेली. मेमुना मला चालवायची. मी अडले की म्हणायची, "काय गं, आज रुसलीस होय?"

मग बाहेरगावच्या व्यापाऱ्यांची पोती येऊ लागली आणि सुलेमानाची नजर फिरली. एका सकाळी त्यानं माझ्या छपराला दार बसवलं, दाराला कुलूप लावलं.

बायकांनी गावच्या म्हाताऱ्यांना बोलावलं. सुलेमाना म्हणाला, "माझ्या जमिनीवर उभं ते माझं. कोला देऊन तुम्हीच तसं कबूल केलंत."

"कोला कोणी दिला?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

सगळ्याजणी अझाराकडे बघू लागल्या. 'जागेसाठी दिला, गिरणीसाठी नाही,' एवढंच तिनं म्हणायचं होतं. ती डोक्यावरचं फडकं सारखं करत बसली.

"बोल ना गं!" मेमुना ओरडली. "तोंडात कोला धरून बसलीस का?"

अझारानं फडक्याची गाठ पुन्हा बांधली, आणि म्हाताऱ्यांनी गिरणी सुलेमानाची ठरवली.

आता मी व्यापाऱ्यांचा माल दळते. भिंतीपलीकडे पुन्हा उखळं वाजतात. एकेक घाव मला लागतो. सुलेमानाचं मला फारसं वाटत नाही, तो माझा कधी नव्हताच. पण अझारानं मला कारखान्यात दहा गिरण्यांतून निवडलं होतं.

काल ती बियांचं टोपलं घेऊन आली. उखळापाशी तिला कोणी जागा देत नाही म्हणे. सुलेमानानं तिलाही गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं केलं.

मी तिच्या बिया दळल्या, नेहमीसारख्या बारीक. मला 'नाही' म्हणता येत नाही. अझारा, तुला येत होतं.