भोके पडलेल्या फळीचा डूख

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि मी आजवर कुणालाही माफ केलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. माझ्या अंगभर बारीक भोके आहेत आणि त्यातले प्रत्येक भोक कुणी पाडले, ते मला पक्के ठाऊक आहे.

माझे लाकूड चांगले होते. रंधा मारताना सुतार हळहळला होता, "हिचं जेवणाचं टेबल झालं असतं." टेबल काही झाले नाही. मला एका रायफल क्लबात नेले आणि नेमबाजीच्या लांबलचक खोलीत, टोकाच्या भिंतीशी उभे केले. माझ्या वर लोखंडी पेटी होती आणि पेटीच्या तोंडावर लक्ष्याचा कागद. नेम लागला की छर्रा कागद फोडून पेटीत जाई. नेम खाली घसरला की माझ्या अंगात शिरे.

पहिले भोक क्लबाच्या प्रशिक्षकांचे. त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. उभ्याने नेम कसा धरायचा, हे नव्या मुलांना दाखवायला ते ऐटीत उभे राहिले आणि छर्रा थेट माझ्या बरगडीत बसला. "वारा होता," सर म्हणाले. खोलीला एकही खिडकी नव्हती. मुलांनी माना डोलावल्या आणि मी डूख धरला.

उभ्याने नेम धरणे खरोखरच अवघड असते, मित्रांनो. रायफल जड, टेकायला काही नाही, त्यात श्वास खालीवर होतो, छाती धडधडते, पोटऱ्या थरथरतात. अंग केसभर डुलले की नळीचे टोक डुलते आणि समोर माझ्यासारखी गरीब फळी मार खाते. सर्वांत जास्त मार मला एका मुलीने दिला. ती इतकी डुलायची की सरांनी तिचे नाव 'लोलक' ठेवले होते. सरांचा भाचा मात्र जराही हलायचा नाही. त्याला ते कौतुकाने 'खांब' म्हणत.

पुढे क्लबात विजेवर चालणारी लक्ष्ये आली आणि मला काढून न्हाणीघराबाहेर चिखलावर टाकले. येणारा जाणारा माझ्यावर बूट पुसू लागला. माझ्या अंगाची लाही लाही होई, पण फळी करून करून काय करणार?

एक दिवस क्लबात व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला उचलले, धुतले आणि माझ्या पोटाखाली लाकडाचा अर्धा गोळा घट्ट बसवून घेतला. आता मला जमिनीवर ठेवले की मी चारही बाजूंना कलू लागे. बाई मुलांना म्हणाल्या, "हिच्यावर उभं राहायला शिका. मग जमीन सोपी वाटेल."

मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. ज्यांनी मला भोके पाडली, तेच आता आपल्या पायांनी माझ्यावर चढणार होते. मी एकेकाला असे आपटले की विचारू नका. खांब चढला, त्याला तर मी पापणी लवायच्या आत पाडले. तो सगळ्यांदेखत पालथा पडला, उठला आणि त्याने मला अशी लाथ घातली की मी कडेपासून मध्यापर्यंत चिरले.

"मोडकं लाकूड आहे, बाई. माझ्या भाच्याला कशाला हवेत हे खेळ? तो मुळात हलतच नाही," सर म्हणाले.

तो का हलत नाही, ते मला त्याच संध्याकाळी कळले. नेमबाज जाड कापडाचे जॅकेट घालतात, पाठीला आधार म्हणून; पण ते सहज वाकले पाहिजे, असा नियम आहे. खांबाने आपले जॅकेट काढून माझ्या शेजारी ठेवले, तर ते ठेवल्या जागी उभेच राहिले. माणूस निघून गेला तरी जॅकेट ताठ! त्याने अस्तराच्या आत सरस चोपडला होता. लोलकने ते पाहिले. बोट लावून पाहिले. कुणाकडे ब्रही काढला नाही.

त्याच आठवड्यात मोठ्या स्पर्धेला कोण जाणार, ते ठरले. क्लबाला जागा एकच होती आणि सरांनी ती भाच्याला देऊन टाकली. लोलक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, चाचणी न घेताच?"

"तुझी कसली चाचणी? तू उभी राहिलीस की दोरीवर वाळत घातलेला सदरा दिसतेस."

"तरी घ्या."

"बरं, घेऊ तीन महिन्यांनी. बाहेरचा पंच बोलावतो, म्हणजे नंतर रडायला नको. तोवर नाच त्या फळीवर."

तिने मला घरी नेले, माझी चीर तारेने करकचून आवळली आणि ओठ दाबून माझ्यावर चढली. मी तिलाही सोडले नाही. सर्वांत जास्त भोके तिचीच होती, तेव्हा तिला सवलत कशाची? पडली की ती पुन्हा चढे. आधी मोकळ्या हातांनी, मग वाळूने भरलेल्या बाटल्या धरून, मग एका पायावर, मग डोळे मिटून. बाई रोज येत आणि टोकत, "गुडघे आवळू नकोस. श्वास कोंडू नकोस. कोपर कमरेच्या हाडावर टेकव, रायफल हाडांनी पेल, दंडांनी नाही." जमिनीवर पोट आणि पाठ घट्ट करायचे व्यायाम झाले की रिकामी रायफल घेऊन ती पुन्हा माझ्यावर. मी जितक्या त्वेषाने तिला पाडायला बघे, तितके तिचे पाय शहाणे होत गेले. शेवटी एका सकाळी ती माझ्यावर उभी राहिली आणि माझे काही चालेना. मी चरफडले, पण खरे सांगते, मनातून मला ती आवडू लागली होती. डूख कसा धरावा, ते तिला कळत होते.

चाचणीच्या दिवशी अंग मोकळे करायला तिने मला सोबत नेले, म्हणून पुढचे सारे मी भिंतीला टेकून पाहिले. पंच आले. लोलकने आपले जॅकेट पुढे केले. ते कुणाचे तरी जुने होते, धुऊन धुऊन फडक्यासारखे मऊ झालेले.

"आधी माझं जॅकेट तपासा," ती म्हणाली. "मग त्याचं."

सरांचा चेहरा उतरला. पंचांनी खांबाचे जॅकेट वाकवून पाहिले, मग जमिनीवर ठेवले. ते उभे राहिले. पंचांना हसू आवरेना. "याच्या आत कुणी आहे का हो?"

खांबाला क्लबातले एक मऊ जॅकेट दिले. त्याने रायफल उचलली आणि खांबाचे वाळलेले गवत झाले. नळीचे टोक भिंतभर हिंडू लागले. शेवटचा छर्रा तर, जिथे मी कधीकाळी उभी असायचे, बरोबर तिथे बसला. लोलक मात्र उभी राहिली ती राहिलीच. जागा तिला मिळाली.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारले, "तुला जॅकेटचं आधीच माहीत होतं?"

"फळीला चीर पडली त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी बोलले असते तर तो सुधारला असता."



स्पर्धा खेळून ती परतली, तेव्हा खांब तिच्या दारात येऊन उभा राहिला, मान खाली घालून. "फळी देतेस थोडे दिवस?"

तिने माझ्या तारेवरून बोट फिरवले. "देणार नाही. इथेच चढ, माझ्यासमोर."

तो चढला आणि मी त्याला मनसोक्त आपटले. "पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा आपटले. आता तो रोज येतो. घात एवढाच की तोही रोज आदल्या दिवसापेक्षा कमी वेळा पडतो. काल तर डोळे मिटून चांगला उभा राहिला होता, माझे काही चालत नव्हते. तेवढ्यात लोलकने हळूच पाय पुढे केला आणि माझ्या कडेला अंगठा लावला. तो धाडकन पडला. आम्हा दोघींनाही फार बरे वाटले.

तर मित्रांनो, जुन्या फळीला चिखलात फेकू नका. ओल लागू देऊ नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, तार गंजली तर बदला. मला अजून पुष्कळ टिकायचे आहे. ते पहिले भोक माझ्या बरगडीत तसेच आहे, आणि सर अजून माझ्यावर चढलेले नाहीत.