प्लेटवरचा ओरखडा

"ताई, ही प्लेट कुणी केली?" मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता विचारलं.

त्या प्रयोगशाळेत पेशी ठेवायच्या प्लेटा तयार करणारं माणूस एकच होतं, हे मॅडमना ठाऊक होतं आणि ताईंनाही. बावीस वर्षं हेच काम. "मीच," ताई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

काम तसं सांगायला सोपं. शरीरातल्या बहुतेक पेशींना जगायला धरून बसण्यापुरती जागा लागते. खाणंपिणं द्या, ऊब द्या, पण आधार काढून घ्या. दोन-तीन दिवसांत त्या आपणहून मरतात. कर्करोगाच्या पेशी तेवढ्या निगरगट्ट, अधांतरीही तगून राहतात. त्या कशा तगतात हे कळायला आधी साध्या पेशी किती मरतात ते मोजावं लागतं. म्हणून ताई प्लेटच्या तळाला गुळगुळीत लेप द्यायच्या. त्यावर कुणाचीच पकड बसत नसे. तिसऱ्या दिवशी निळा रंग घातला की मेलेल्या पेशी निळ्या होत, मग त्या मोजायच्या. आमचं खातं मयतांचं, असं ताई पूर्वी हसून सांगायच्या. हल्ली सांगत नव्हत्या.

घरी वडील होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. दुकानाची इमारत पाडली तेव्हा ताईंनी त्यांना आपल्याकडे चौथ्या मजल्यावर आणलं. शिलाई मशीन ताईंच्या भावानं कुणाला तरी परस्पर देऊन टाकलं. वेगळी खोली, मऊ गादी, वेळच्या वेळी गरम जेवण, कशाला म्हणून कमी नव्हतं. तरी दीड महिन्यात म्हातारा निम्मा झाला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की आजार काहीच नाही. का जेवत नाही म्हणून विचारलं, की वडील ताट सरकवत म्हणायचे, "भूक लागावी असं दिवसभरात केलं काय मी?" ताईंना राग यायचा, रडूही यायचं. दोन्हीला वेळ नसायचा.

"बघा तुम्हीच," मॅडम बाजूला झाल्या.

ताईंनी डोळा लावला. पेशी गोल होऊन तरंगत होत्या, मरायला टेकलेल्या. पण मधोमध एक वाकडीतिकडी बारीक रेघ होती आणि तिच्यावर पेशी ओळीनं ऐसपैस पसरून बसल्या होत्या. चांगल्या जिवंत. लेप देताना नळीचं टोक तळाला घासून तेवढ्यापुरता लेप खरवडला गेला होता. त्या दिवशी वडिलांच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांचा फोन यायचा होता, हात थाऱ्यावर नव्हता.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच ताईंना जास्त लागलं. तीन दिवस गेले तर गेले, प्लेट टाकून द्या आणि पुन्हा करा, एवढंच त्या म्हणाल्या.

"एवढ्याशा ओरखड्यावर जगल्या?" ताईंनी विचारलं.

"त्यांना तेवढंही पुरतं."

संध्याकाळी घरी आल्यावर ताई चपला न काढताच मोरीत गेल्या आणि लहान कात्रीनं आपल्या प्रयोगशाळेतल्या कोटाचा खिसा कापला. मग तो कोट आणि सुई-दोऱ्याचा डबा वडिलांपुढे ठेवला. "बाबा, खिसा फाटलाय. उद्या घालायचाय मला."

वडिलांनी चष्मा शोधला. खिसा उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. मग दोरा दुसऱ्याच प्रयत्नात ओवला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. पुढे कधी बटण तुटायचं, कधी बाही फाटायची. ताईंचा कोट इतका फाटका कसा, म्हणून मॅडमही एकदा बघत राहिल्या. वडिलांच्या अंगावर मांस काही चढलं नाही, ते चढणारही नव्हतं, हे ताईंना कळत होतं. पण ताट परत येत नव्हतं.

काही आठवड्यांनी वडिलांनी कोट नीट घडी घालून ताईंच्या हातात दिला.

"पोरी, कात्रीनं कापत जाऊ नकोस," ते म्हणाले. "कापड फुकट जातं. शिवणीवर उसव."

ताई घडीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या.

वडिलांनी सुई पुसून डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग म्हणाले, "वाढ आता."