माझी दाढी आणि गुलाबकाकांच्या कळा

सावित्रीबाईंच्या जयंतीला आमच्या रांझी वस्तीच्या बुद्धविहारात दरवर्षी स्वतः लिहिलेलं वाचायचं असतं. यंदा मी, अकरावीतली मोना, पहिल्यांदा नाव दिलं. कथेचं नाव 'माझी दाढी'. तिच्यातला 'मी' एकोणीस वर्षांचा पोरगा. फॅक्टरीत नवा लागलाय, आणि दाढी धड येत नाही म्हणून रोज आरशाशी भांडतो. ही कथा मला स्टेजवर वाचायचीच होती. बाकी आयुष्यात काही नाही झालं तरी चालेल.

पण यादी ठरवतात गुलाबकाका. त्यांनी दोन पानं वाचून चष्मा काढला.

"बेटा, हे नाही चालणार."

"काहून, काका?"

"तुले दाढी हाय का? जे भोगलं तेच लिहावं माणसानं. मैत्रिणीवर लिही, चिमणीवर लिही."

जशी काही मी चिमणी होते!

आता ऐका. हेच काका नऊ वर्षांपासून ह्याच स्टेजवर एकच कविता म्हणतात, 'प्रसूतीच्या कळा'. पहिल्या ओळीपासून 'मी आई'. तिसऱ्या कडव्यात पोट धरतात, पाचव्यात रडतात, आणि बाळ झालं की त्यांना पाणी द्यावं लागतं.

मागच्या वर्षीची मी 'जी काका' म्हणून घरी गेली असती. यंदाची मी म्हणाली, "मग काका, तुम्हाले कोणत्या हॉस्पिटलात भरती केलं होतं?"

चटया घालणाऱ्या बाया थांबल्या. त्यांतल्या पार्वताकाकू, म्हणजे काकांच्याच मिसेस, हसता हसता चटईवर बसल्या.

"मोने, कळा मले येऊन राहिल्या होत्या. हे बाहेर समोसे खाऊन राहिले होते. तीन!"

"दोन," काका म्हणाले. "टेन्शन होतं मले."

"मग ठरवा," काकू म्हणाल्या. "भोगलेलंच वाचायचं तर तुम्ही समोशावर वाचा. नाही तर पोरीची दाढी बी होऊ द्या."

काकांना नऊ वर्षांचं बाळंतपण काही सोडवेना. शेवटी पेन काढून त्यांनी यादीत माझं नाव लिहिलं.

"चलो, ठीक है. पण दुसऱ्या पानावर तुझा पोरगा ब्लेड उलटं फिरवते. गाल कापन ना त्याचा!"

"मग कसं फिरवायचं?"

काका हातातल्या पेननंच स्वतःच्या गालावर दाखवू लागले. कानापासून खाली, हनुवटीपर्यंत, मग दुसरा गाल. पेन उघडंच होतं. काकूंनी मला डोळ्यानंच गप्प राहायला सांगितलं, आणि मी अगदी नीट बघून सगळं लिहून घेतलं.