सगळ्यांना एकदाच

"तक्रार तुमच्या निर्णयांबद्दल नाहीये," लीगचे सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही बोलता कशा, त्याबद्दल आहे."

मला आधी हसूच आलं. आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत भिंगं घासते आणि गेली अकरा वर्षं रविवारी बायकांच्या रग्बी सामन्यांत शिट्टी वाजवते. एवढ्या वर्षांत माझ्या बोलण्याबद्दल एकच कुरकुर ऐकली होती. माझा आवाज पलीकडच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही म्हणे. घसा ताणून बोलणं मला जमत नाही आणि जमवावंसं वाटलंही नाही.

सेक्रेटरींनी कागद पुढे सरकवला. लाल संघाच्या कॅप्टनचं पत्र होतं. दोनच ओळी. 'रेफ्री निळ्यांशी माणसांशी बोलावं तसं बोलतात आणि आमच्याशी पाटी वाचावी तसं. अंतिम सामन्याला आम्हाला त्या नकोत.'

अंतिम सामना तीन आठवड्यांवर होता, निळे विरुद्ध लाल. आमच्या लीगची रीत अशी की अंतिम सामन्याच्या रेफ्रीला दोन्ही कॅप्टननी सही करून मान्यता द्यायची. निळ्यांची सही कधीच झाली होती. लालांची जागा रिकामी होती. ज्या रेफ्रीला कॅप्टननं नाकारलं तिच्याकडे पुढे मोठे सामने येत नाहीत. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर तसंच होत आलंय. अकरा वर्षांत हा माझा पहिला अंतिम सामना होता.

"मी बोलतो तिच्याशी," सेक्रेटरी म्हणाले. "तापट आहे जरा, पण चहा पाजला की करेल सही. निर्णय तर सगळे बरोबरच होते तुमचे."

"नको," मी म्हणाले. "सही मीच मागेन. त्याआधी मला त्यांचा निळ्यांशी झालेला मागचा सामना ऐकायचाय."

आम्हा रेफ्रींच्या शर्टाला छोटा माईक असतो. नंतर ऐकून शिकावं म्हणून सगळं बोलणं टिपून ठेवतात. शिकायचं वय गेलं असं समजून मी कित्येक महिने काही ऐकलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी हेडफोन लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आमचे हे मटार सोलत होते.

निळ्यांची कॅप्टन चिमणी. आमच्या खालच्या मजल्यावर राहते. आठ वर्षांची असताना मीच तिला अंगणात चेंडू धरायला शिकवलं. हाक न मारता वर येते, झाकण उघडून बघते आणि जेवायला बसते. तिच्या मागोमाग बुटकी आली, शिंपीण आली, दोघी जुळ्या आल्या. निम्मा निळा संघ माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय. म्हणूनच मैदानावर मी त्यांच्याशी चार बोटं जास्तच कडक वागते, अशी माझी पक्की समजूत होती.

कानात माझाच आवाज आला. "चिमणे, हात काढ." थोड्या वेळानं, "बुटके, मागे हो, मागे हो." मग, "चिमणे, मला शिट्टी मारायला लावू नकोस हां."

आणि लालांसाठी? शिट्टी. "पेनल्टी. चेंडूवर हात." पुन्हा शिट्टी. "पेनल्टी. चेंडूच्या पुढे उभ्या होता."

मी फीत मागे नेली. भिंगांच्या रिकाम्या पाकिटावर रेघा मारत पुन्हा ऐकलं. रग्बीत खेळाडू चेंडूसकट खाली पडली की तिच्यावर दोन्ही बाजूंची झुंबड होते. त्या झुंबडीत चेंडूला हात लावायचा नाही. लावलाच तर रेफ्री आधी बजावू शकते आणि हात निघाला तर खेळ चालू राहतो. निळ्यांना मी चौदा वेळा बजावलं होतं. लालांना दोनदा.

कारणही माझ्या आवाजातच सापडलं. चिमणीचं नाव माझ्या जिभेवर होतं, शिट्टी ओठांत जायच्या आधी ते बाहेर पडायचं. लालांची मला ओळखच नव्हती. पाठीवरचा नंबर शोधेपर्यंत गुन्हा होऊन जायचा, मग शिट्टी. प्रत्येक शिट्टी नियमाला धरून होती. पण एका संघाला सुधारायची संधी मिळत होती आणि दुसऱ्याला फक्त शिक्षा.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"तिचं पत्र खरं आहे."

त्यांनी हातातली शेंग ताटलीत टाकली. मग म्हणाले, "पण मुद्दाम नव्हतं ना."

"मुद्दाम असतं तर सोपं होतं. ठरवून बंद करता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर निघाले आणि इस्पितळाच्या मागच्या आवारात गेले. लालांची कॅप्टन रुग्णवाहिका चालवते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती गाडीची चाकं धूत होती. मला बघून तिनं पाण्याचा नळ बंद केला नाही.

"सेक्रेटरींनी पाठवलं?"

"नाही, स्वतःच आले. सामना ऐकला मी. चौदा वेळा त्यांना बजावलं, दोनदा तुम्हाला."

"मी बारा मोजले होते," ती म्हणाली. "दोन सुटले वाटतं."

"तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे."

आता तिनं नळ बंद केला. "मग सामना परत खेळवणार?"

"तो झाला तो झाला. पुढचा मला नीट करायचाय. त्यासाठी तुमची सही हवीय."

"म्हणजे आता आमच्या पंधराजणींची नावं पाठ करणार. फार गोड." ती फडकं पिळत म्हणाली. "नका करू बाई. खोटी ओळख नको आम्हाला."

खरं तर मी तेच ठरवून आले होते. पंधरा नावं, रोज पाच.

"मग काय करू?"

"त्यांची नावं विसरा," ती म्हणाली. "मी गाडीत पेशंट घेते ना, तेव्हा ओळखीचा असला काय, नसला काय, सिग्नल तोच लागतो. सायरन दोघांना सारखाच."

मी मान्यतेचा कागद पुढे केला. ओल्या हातानं तिनं सही केली. शाई जरा पसरली.

"एक सांगते, ताई," सही करून ती म्हणाली, "परत असं झालं ना, तर मी पत्र लिहिणार नाही. मैदानातूनच टीम घेऊन जाईन."

"जा," मी म्हणाले. "त्या वेळी तुमचं बरोबरच असेल."

माझे रोजचे काही नेम आहेत. पहाटेचं उठणं, जप, एक वेळचं जेवण. त्यात आणखी एक घातला. अंतिम सामना होईपर्यंत घरात, दुकानात, रस्त्यात, जिथे मनात हाक येईल तिथे आधी रंग आणि आकडा. ह्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं.

"पांढरा एक, चहा घ्या," मी म्हणायचे.

"पांढरा एक कालपासून निळा आहे," तिसऱ्या दिवशी हे शर्ट दाखवून म्हणाले. "रेफ्रीबाईंची नजर कमी झाली. चष्म्याच्या दुकानात दाखवून घ्या."

दुकानात भिंगांच्या खणांवर आकडे चिकटवले. डोळ्याच्या कोपऱ्यात आकडा दिसला की हळू आवाजात "लाल सहा, हात काढा" आणि हात पुढच्या भिंगाकडे. मालक म्हणाले, "बाई, सुट्टी हवीय का?" पहिल्या आठवड्यात दहातल्या चार हाका चुकल्या. दुसऱ्यात एक.

चिमणी रोजच्यासारखी वर येत राहिली. तिला काही सांगितलं नाही. एकीला घरी सांगायचं आणि दुसरीला मैदानावर, म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

सामन्याच्या दिवशी नाणेफेकीला दोन्ही कॅप्टन समोर उभ्या राहिल्या तेव्हा दोघींना मिळून सांगितलं.

"आज मी कुणालाही नावानं बोलावणार नाही. रंग आणि नंबर. चेंडूवर हात गेला तर एकदा सांगेन, नाही काढला तर शिट्टी. शंका असेल तर फक्त कॅप्टननी विचारायची, खेळ थांबल्यावर. उत्तर दोघींना ऐकू जाईल असं देईन."

लाल कॅप्टननं मान हलवली. चिमणी हसत होती.

"हे मलाही, ताई?"

"तुम्हालाही, निळ्या कॅप्टन."

तिला ती गंमत वाटली. पहिली दहा मिनिटं तरी वाटत होती.

मग खेळ तापला. "लाल चार, हात काढा." निघाले. "निळी बारा, मागे." झाली. माझा आवाज काही वाढला नव्हता, पण आकडा ऐकला की मान वळत होती. मध्यंतरानंतर एकदा बुटकीला लागलं, ती कण्हत पडली आणि माझ्या तोंडात तिचं नाव आलं. दात मिटले. "वेळ थांबवा. निळी दोनला बघा." फिजिओ धावला. चिमणी माझ्याकडे बघत राहिली. आता ती हसत नव्हती.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. निळे सतरा, लाल पंधरा. लाल संघ एकेक पाऊल पुढे सरकत होता. त्यांची एक जण पडली, झुंबड झाली आणि निळ्या बाह्यांतले दोन हात चेंडूवर आले. सात नंबर. चिमणी.

"निळी सात, हात काढा."

तिनं ऐकलं. मला दिसलं की ऐकलं. पण हात तिथेच राहिले. तिला खात्री होती की मी पुन्हा सांगेन, आयुष्यभर सांगत आले तसं. माझ्या घशात ती हाक आलीही होती. घशातच ठेवली आणि शिट्टी वाजवली.

"पेनल्टी लाल. निळी सात, चेंडूवर हात."

"ताई, अजून एकदा तरी..." ती उठत म्हणाली.

"एकदा सांगितलं, कॅप्टन. दहा मीटर मागे."

ती मागे गेली नाही. पूर्ण संघ तिच्याकडे बघत होता. अजून एक शब्द बोलली असती तर मला पिवळं कार्ड काढावं लागलं असतं. खिशाशी माझा हात गेलाच होता. तेवढ्यात तीच वळली आणि ओरडली, "मागे, सगळ्या मागे," आणि पावलं मोजत मागे गेली.

लालांच्या दहा नंबरनं चेंडू खांबांमधून पाठवला. तीन गुण. अठरा-सतरा. पुन्हा सुरुवात झाली. चेंडू निळ्यांकडे आला आणि त्यांची एक जण पडल्याबरोबर झुंबडीत लाल हात दिसले.

"लाल सहा, हात काढा."

हात क्षणात निघाले. खेळ चालला. निळ्यांना शेवटची संधी मिळाली, चेंडू रेषेबाहेर गेला आणि मी सामना संपवला.

हस्तांदोलनाला लाल कॅप्टननं माझा हात धरला. म्हणाली, "आम्हालाही सहा वेळा बजावलंत आज."

"तुम्हाला सात," मी म्हणाले. "मोजताना एक सुटलं तुमचं."

तिला हसू आवरलं नाही. चिमणी सर्वांत शेवटी आली. गालावर माती, हात पुढे केलेला, नजर खाली.

"मला वाटलं दुसऱ्यांदा म्हणाल."

"मलाही वाटलं होतं," मी म्हणाले.

ती संघाच्या बसकडे गेली. मैदानाच्या दरवाज्याशी हे माझी बॅग घेऊन उभे होते.

"आज जेवायला येईल का ती?"

"माहीत नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर मी खाली जाईन आणि दारातून हाक मारेन," मी म्हणाले. "चिमणे म्हणून."